मंत्री महोदय, ‘सर्व्हर डाऊन’चा इलाज जुनाच आहे, फक्त टेंडरमध्ये लिहा

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक नोंदणी, केवायसी, दाखले, स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं करतो. आमच्या धंद्यात दिवसभर तोंडातून निघणारं वाक्य एकच, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या". हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे आणि माझी मागणी आधीच सांगून टाकतो. यापुढे सरकार जे पोर्टल किंवा जी हेल्पलाइन बनवून घेईल तिच्या टेंडरमध्ये कंपनीला एक प्रश्न विचारलाच पाहिजे, की सगळे लोक एकाच दिवशी आले तर तुमची सिस्टीम काय करणार? आणि त्याचं उत्तर कागदावर नको, चालवून दाखवा म्हणा.

शेवटच्या तारखेला इथे काय होतं ते सांगतो. मागच्या हंगामात एका योजनेच्या नोंदणीचा शेवटचा दिवस होता, सकाळपासून बाया-माणसं केंद्रासमोर बसलेली, बऱ्याच जणींनी त्या दिवशीची वेचणीची मजुरी सोडलेली. एका मावशीचा फॉर्म भरला, सातबारा चढला, पासबुक चढलं, अंगठा काही लागेना कारण कापूस वेचून वेचून बोटाच्या रेषा राहिल्याच नाहीत, ओल्या फडक्याने पुसून पुसून कसाबसा लागला, ओटीपी आला, टाकला, आणि ते गोल चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. मग सेशन संपलं म्हणून मेसेज, पुन्हा लॉगिन, पुन्हा पहिलं पान. मावशी म्हणे, "भाऊ, अंगठा तं लागला होता ना, मंग काहून गेलं?"

साहेब, मावशीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. जिचं काम जवळपास संपलं होतं तिला मशीनने सोडून दिलं आणि तेवढ्यात दारातून नवीन माणसं आत घेणं सुरूच ठेवलं. मग नवीन आलेल्यांचंही अर्धवट राहिलं. दिवसभर सगळे दारात आणि पूर्ण कोणाचंच नाही.

हीच अडचण अमेरिकेत टेलिफोनवाल्यांना १९६० च्या दशकात आली होती. कॉल जोडायचं काम तेव्हा नुकतंच कॉम्प्युटरकडे गेलं होतं, आणि एकदम खूप कॉल आले की कॉम्प्युटर गोंधळून जायचा, जोडलेलेही लटकायचे. बेल लॅब्समध्ये, म्हणजे तिथल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत, एर्ना श्नायडर हूवर नावाच्या बाई होत्या, तत्त्वज्ञान आणि गणिताच्या पायाभूत सिद्धांतांतल्या पीएचडी. दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणात दवाखान्यात असताना त्यांनी यावरच्या उपायाचं कच्चं टिपण काढलं, पुढे पेटंटच्या सह्या घ्यायला वकील त्यांच्या घरी गेले कारण बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. १९७१ मध्ये पेटंट मिळालं, सॉफ्टवेअरवरच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी ते एक. उपाय ऐकायला साधा आहे. येणारे कॉल किती वेगाने येतायत ते मशीनने स्वतःच सतत मोजायचं, ताकदीच्या वर जायला लागले की नवीन कॉल घ्यायचा वेग आपोआप कमी करायचा, आणि कामांनाही नंबर लावायचे, म्हणजे कॉल घेणं-जोडणं आधी, हिशेब-बिलाची नोंद मागून. गर्दी कितीही होवो, जे काम हातात घेतलं ते पार पडतं. मला ही बाई फार मोठी वाटते, तिचं नाव आपल्या आयटीआय-पॉलिटेक्निकच्या पोरापोरींना माहीत पाहिजे.

आता हेच आमच्या पोर्टलला लावा. गर्दी वाढली की दारातच टोकन द्या, "तुमचा नंबर अमुक, दुपारी तीनच्या सुमारास या" एवढं सांगा. लोक थांबतात साहेब, विदर्भातला शेतकरी सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) केंद्रावर कापसाची गाडी लावून रात्र काढतो, त्याला थांबायचं दुःख नाही, आपला नंबर लागणार की नाही हे कोणीच सांगत नाही याचं दुःख आहे. आणि ज्याचा ओटीपी गेला त्याचं काम आधी संपवा, भरलेलं पान सेव्ह ठेवा.

कोणी म्हणेल गावात नेटच नसते त्याला पोर्टल काय करणार. नेट जाते, लाईट जाते, खरं आहे. पण त्या दिवशी त्याच टॉवरवर, त्याच रांगेतल्या मोबाईलवर व्हॉट्सअॅपचे मेसेज टणाटण येत होते. त्यामागेही टेलिफोनच आहे. व्हॉट्सअॅपचे सर्व्हर ज्या भाषेत लिहिले गेले तिचं नाव अर्लांग, स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी १९८६ पासून ती टेलिफोन एक्स्चेंजसाठीच, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्रांसाठीच बनवली. तिची मूळ कल्पना अशी की चूक होणारच हे धरून चाला. प्रत्येक कॉल म्हणजे एक वेगळी छोटी प्रक्रिया, ती मेली तर तिच्यापुरती मरते, शेजारच्याला धक्का लागत नाही, आणि वर एक देखरेख करणारी प्रक्रिया असते ती मेलेली उठवते. २०१२ मध्ये व्हॉट्सअॅपने एका सर्व्हरवर एकाच वेळी २० लाखांवर कनेक्शन चालवून दाखवले. आणि ही भाषा १९९८ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे, लायसन्सचा पैसा लागत नाही. याच भाषेत बनवा असं माझं म्हणणं नाही, पण एका तालुक्याचा डेटा अडकला म्हणून अख्खं राज्य बंद, हे तरी व्हायला नको.

या भाषेला ज्यांचं नाव आहे ते अॅग्नर अर्लांग डेन्मार्कचे गणिती, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला. किती लाइनी ठेवल्या तर किती कॉल परत जातील, म्हणजे लाइन रिकामी नाही म्हणून लागणारच नाहीत, याचं सूत्र त्यांनी १९१७ मध्ये छापलं. हेल्पलाइनसाठी हे फार कामाचं आहे म्हणून करूनच दाखवतो. समजा तासाला १२० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटं चालतो. म्हणजे एका वेळी सरासरी ६ कॉल चालू. मग ६ माणसं बसवली की झालं असं कोणालाही वाटेल, पण सूत्राने पाहिलं तर दर चारातला एक कॉल परत जातो, कारण कॉल एकसारखे येत नाहीत, झुंडीने येतात. १२ माणसं बसवली तर शंभरातला जेमतेम एक परत जातो. आता ऑक्टोबरात अवकाळी आला, कापून ठेवलेलं सोयाबीन भिजलं आणि कॉल तिप्पट झाले, तर त्याच १२ माणसांवर शंभरातले ४० परत जातात. हे तर एकदाच फोन लावणारे धरून. प्रत्यक्षात ज्याचा फोन लागला नाही तो पुन्हा लावतो, घरातल्या दुसऱ्या मोबाईलवरून लावतो, त्यामुळे हाल याहून वाईट. आमच्याकडे एका हेल्पलाइनवर असंच झालं, संध्याकाळभर अख्खं गाव फोन लावत होतं, "कृपया प्रतीक्षा करा" ऐकत होतं आणि मग लाइन कट. नंबर नोंदवून घेऊन नंतर उलटा फोन करायची सोय असती तर अर्धी गर्दी तिथेच मोडली असती.

मोठे सर्व्हर घेतले की प्रश्न मिटेल असं अधिकारी सांगतील. पण १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं नेटवर्क सुमारे ९ तास कोलमडलं होतं, पैशाची किंवा मशीनची काही कमी नव्हती. न्यूयॉर्कच्या एका एक्स्चेंजला किरकोळ बिघाड झाला, ते स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू झालं, इथपर्यंत ठीक. पण चालू झाल्यावर त्याने शेजाऱ्यांना जे मेसेज पाठवले त्याने शेजारी बंद पडले, ते उठले की त्यांचे शेजारी, असं ११४ एक्स्चेंजमध्ये फिरत राहिलं. कारण काय तर आदल्या महिन्यात टाकलेल्या नव्या सॉफ्टवेअरमधली एक चुकलेली ओळ. म्हणून म्हणतो, पडल्यावर उठायची पद्धतही तपासून घ्या. आमचं पोर्टल रात्री सुरू झालं की सगळे केंद्रवाले एकदम तुटून पडतात आणि ते पुन्हा झोपतं.

आणि मुदतवाढ, साहेब. शेवटच्या दिवशी रात्री उशिरा मुदतवाढ जाहीर होते, तोपर्यंत मजुरी बुडालेली असते, ऑटोचे पैसे गेलेले असतात. वाढलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी परत तीच गर्दी होते कारण आतलं काहीच बदललेलं नसतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच तालुक्यांना वेगवेगळे दिवस वाटून द्या, याला तर सॉफ्टवेअरही लागत नाही.

आपल्या देशाला हे जमणार नाही असं म्हणू नका. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी टेलिफोन संशोधन संस्था सुरू झाली, टेलिकॉम इंजिनिअर सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या इंजिनिअरांनी १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला लागलं. परदेशी एक्स्चेंजला एसी खोली लागायची, याला लागत नव्हती. कारण बनवायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं की गावात ऊन किती, धूळ किती, लाईट किती वेळ. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे काय चालेल याचा विचार तेव्हा झाला. आज पोर्टल बनवताना यवतमाळच्या केंद्रावर शेवटच्या तारखेला काय होतं हे कोण विचारतं?

म्हणून विनंती, टेंडरमध्ये शेवटच्या दिवसाच्या गर्दीची चाचणी टाका आणि पोर्टल सुरू करायच्या आधी ती आम्हा केंद्रवाल्यांसमोर घ्या. चाचणीत पडलं तर बिल काढू नका. प्रत्येक हेल्पलाइनला दर महिन्याला किती कॉल आले, किती उचलले, किती तुटले हे आकडे लोकांसमोर ठेवायला लावा. येत्या खरिपाच्या नोंदणीआधी यातलं काय होऊ शकतं आणि काय नाही, एवढं लेखी कळवावं. उत्तर मी प्रिंट काढून केंद्राच्या दारावर लावीन, रांगेतले लोक वाचतील.

आपला,
एक सेवा केंद्रचालक
जि. यवतमाळ