फाशीच्या झाडाखालचे फासे

महोदय,

जाक कालो या लॉरेनमधल्या (आजच्या फ्रान्सच्या पूर्वेकडचा प्रांत) चित्रकाराची 'युद्धाची दैन्ये' ही १६३३ मधली एचिंगची (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेल्या चित्रांची) मालिका शाळेच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात यायला हवी, असे मला वाटते. अठरा छोटी चित्रे. त्यातले झाडाचे चित्र सर्वांत बोलके. एका मोठ्या झाडाला लुटारू सैनिक ओळीने लटकलेले आहेत. शिडीवर चढलेला पाद्री पुढच्या माणसासमोर क्रूस धरतो आहे. आणि त्याच झाडाखाली दोघे ढोलावर फासे टाकत बसले आहेत! भोवती भाल्यांचे जंगल, शिस्तीत उभी पलटण. सारे कसे नियमाला धरून.

चित्राखालच्या ओळी या मेलेल्यांना 'नीच चोर' म्हणतात. चोर ते होतेच. आधीच्या एका चित्रात त्यांनीच शेतकऱ्याचे घर लुटलेले दिसते. पण तो लुटला गेलेला शेतकरी या न्यायाच्या सोहळ्यात कुठेच दिसत नाही. मालिकेच्या शेवटी सिंहासनावरचा राजा सेनानायकांना बक्षिसे वाटतो. म्हणजे शिपायाला दोर, सरदाराला मान. कालोने हे टीका म्हणून काढले की शिस्तीची भलामण म्हणून, यावर अभ्यासक आजही भांडतात. मला ती टीकाच वाटते, कारण तळहाताएवढ्या उंचीच्या त्या चित्रात फासे खेळणारे दाखवायची तशी काही गरज नव्हती. शिवाय मालिका निघाली त्याच वर्षी फ्रान्सचा राजा तेरावा लुई याच्या फौजांनी कालोचे गाव नान्सी ताब्यात घेतले होते.

– एक वाचक