पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

नौपाडा, ठाणे

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

कंपनीच्या तपासणीचे रिपोर्ट वाचले. ‘बीएमआय २४.६, नॉर्मल’ असं लिहून हिरवी खूण पाठवलीस. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन, आणि तो २५ च्या आत असला की नॉर्मल म्हणतात, पण २५ ची ती रेषा युरोप-अमेरिकेतल्या अंगकाठीवरून आखलेली आहे. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी नि चरबी जास्त असते, तीही पोटात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

तेव्हा वजनकाटा जरा बाजूला ठेव आणि शिंप्याचा टेप घे. सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, उघड्या पोटावर मोजायचं. कुशीत शेवटची बरगडी चाचप, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचप, आणि दोन्हींच्या बरोबर मधून टेप फिरव. पाठीमागे तो हमखास खाली घसरतो, म्हणून आरशात बघ. टेप त्वचेला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाच. पोट आत ओढलंस तर फसवणूक तुझीच. “मला ३४ नंबरची पॅन्ट होते” हे सांगू नकोस. पॅन्ट तू पोटाच्या खाली घालतोस, तिला पोटाशी काही देणंघेणं नाही. पुरुषांची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांची ८०. शिवाय कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. तुझी उंची १७२, म्हणजे ८६.

पोटावर एवढा जोर का, तर मांडीवरची चरबी बरीचशी जागच्या जागी पडून असते. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त मात्र थेट यकृतात जातं, आणि तिथे फॅटी अ‍ॅसिड ओतत राहतं. यकृत त्यातून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, बनवतं, थोडी चरबी स्वतःतच साठवतं, आणि इन्सुलिनने ‘थांब’ म्हटलं तरी रक्तात साखर सोडत राहतं. तुझे ट्रायग्लिसराइड २१२ (१५० च्या आत हवेत), एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६ (४० च्या वर हवं), उपाशीपोटीची साखर १०६ (१०० च्या आत हवी). हे तीन वेगळे आजार नाहीत, मूळ एकच. कंबर, रक्तदाब आणि हे तीन, अशा पाचांपैकी तीन बिघडले की मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुझे तीन झालेच आहेत, कंबर मोजायची बाकी आहे.

“सोनोग्राफीत लिव्हर नॉर्मल आलं” यावरही फार विसंबू नकोस. यकृतात पाच टक्क्यांवर चरबी गेली की फॅटी लिव्हर, पण थोडी चरबी असेल तर ती सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. दारूचा थेंब न घेणाऱ्यांनाही हे होतं. दिलासा एवढाच की वजन सात ते दहा टक्के उतरलं, म्हणजे तुझ्या ७३ किलोतले पाच ते सात किलो गेले, तर यकृताची सूजही उतरू शकते.

घोरण्याला हसू नका. खोलीतल्या मित्राला विचार, मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखा परत सुरू होतो का? सकाळी डोकं दुखतं, ऐरोलीच्या गाडीत बसल्या-बसल्या डुलकी लागते? तसं असेल तर झोपेची तपासणी करून घे. झोपेत श्वास थांबण्याकडे दुर्लक्ष झालं की रक्तदाब चढू शकतो. गुडघ्यांचं म्हणशील तर एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

आता खाण्याचं. चार चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत बरी, म्हणून आधी चहा धर. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ, डाळ, अंडी किंवा मासे, उरलेल्या पावात पोळी किंवा भात. दोन्ही नको. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. आणि उपवास म्हणजे डाएट नव्हे: साबुदाणा निव्वळ स्टार्च, वर तूप, शेंगदाणे आणि बटाटा. रात्री अकराला मागवलेली बिर्याणी खाऊन आडवं होण्याऐवजी आठला जेव आणि पंधरा मिनिटं चाल. जेवणानंतरची साखर त्याने लगेच खाली येते. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, आणि दोन दिवस उठाबशा, जोर किंवा वजनं. बरीचशी साखर खर्च करणारे स्नायूच असतात, नुसतं चालून ते वाढत नाहीत.

‘महिन्यात दहा किलो’ अशा पाट्यांच्या नादी लागू नकोस. वजन झरझर उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. आठवड्याला अर्धा किलो पुरे.

कंबर दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी मोज. रक्त तीन महिन्यांनी तपास, एचबीए१सी धरून. ते साधारण तेवढ्याच काळाची साखर दाखवतं. रक्त द्यायच्या आधी बारा तास पाण्याशिवाय काही नको आणि आदल्या रात्री बिअर नको, नाहीतर ट्रायग्लिसराइडचा आकडा फुगून येईल. रक्तदाब बघताना दंडाला पट्टा आखूड पडला तर मोठा मागून घे, आखूड पट्ट्याने रक्तदाब उगाच जास्त दिसतो.

तुझी,
आई