काकू, शेवटच्या ओळीसाठी थँक्यू

काकू, साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर मोठं काही वाचत नाही हे मला माहितीये, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय की आजीला हे मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काहीच गाळू नको. समोर असताना मी थँक्यू म्हणायला लागले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून चहा टाकायला उठता आणि माझं वाक्य अर्धंच राहतं, ते आता इथे सगळ्यांसमोर पूर्ण करते.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. काकू गंगाखेडच्या, गोदावरीकाठच्या, म्हणजे जनाबाईच्या गावच्या. मुलाकडे पुण्यात राहायला आल्या तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता, आणि दर एकादशीला संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये आठ-दहा बायकांचं भजन असायचं. मी कधी गेले नव्हते. आवाज वर यायचा, मला आवडायचाही, पण ऑफिसमधून आल्यावर कुकर लावायचा, डबे घासायचे, या सगळ्यात कोण जातंय.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझं तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं. हॉस्पिटलमधून घरी आले तर नात्यातल्या एका बाईंनी दारातच सांगितलं की आता दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, समईची वात पण पुढे करायची नाही, विटाळ आहे. त्या वाईट मनाने बोलल्या नसतील, त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल. पण मला ते इतकं लागलं की मी बेडरूमचं दार लावून घेतलं आणि उघडलंच नाही, जेवायला नाही, फोनला नाही, नवरा हाका मारून थकला आणि शेवटी खाली जाऊन तुम्हाला घेऊन आला.

तुम्ही दार वाजवलं नाहीत काकू. दाराला पाठ लावून बाहेर फरशीवर बसलात, मला फक्त बांगड्यांचा आवाज आला आणि दाराखालच्या फटीतून तुमच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं, म्हणायला लागलात, "मजवरी दया करा, ताटी उघडा ज्ञानेश्वरा." पुन्हा पुन्हा तेच. नंतर म्हणालात, "उघड की माय, म्हातारीचे गुडघे दुखायलेत." मी उघडलं. तुमच्या मांडीवर मुगाच्या खिचडीचा डबा होता, टॉवेलात गुंडाळलेला, अजून गरम.

त्या रात्री खिचडी खाता खाता तुम्ही मला मुक्ताई सांगितलीत. शाळेत मी शिकले होते की ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण, बस, एवढंच. तुम्ही सांगितलंत की लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले तेव्हा त्यांना बाहेर काढायला ही पोरगी उभी राहिली, आणि नुसती लाडीगोडी नाही लावली, तर जग रागाने आग झालं तर संताने पाणी व्हायचं असतं असं थोरल्या भावाला ठणकावून सांगितलं. तिचा जन्म 1279 चा धरतात आणि 1297 ला तापीकाठी मेहूणला ती गेली, म्हणजे अठरा वर्षांचं सगळं आयुष्य. आणि तेवढ्यात ती चांगदेवाची गुरू झाली, ज्याला लोक चौदाशे वर्षांचा योगी म्हणायचे त्याची! गोरोबाकाकांच्या, म्हणजे गोरा कुंभारांच्या घरी मडकी ठोकायच्या थापटण्याने सगळ्या संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते बघायचा प्रसंग, त्यातही 'हे थापटणं कशाचं' हा पहिला प्रश्न तिचाच, आणि नामदेवांसारखे नामदेव कच्चे निघाले. नाथपंथाची जी गुप्त विद्या गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथांना मिळाली ती त्या घरात मुलगी म्हणून तिच्यापासून लपवली गेली नाही, चौघा भावंडांना सारखी मिळाली. हे मला नवीन होतं. मला वाटायचं अध्यात्मात बायका म्हणजे उपास, हळदीकुंकू आणि प्रसादाचा शिरा.

"मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी" हा तिचा अभंग तुम्ही म्हणालात तेव्हा मी लगेच विचारलं की याचा अर्थ काय. तुम्ही म्हणालात, "अर्थ उगं ओढून काढायचा नसतो माय, दळत राहायचं, पीठ आपसूक पडतं." दोन वर्षं झाली, अजून थोडं थोडं पडतंय.

मग सहाव्या दिवशी एकादशी आली. तुम्ही मला खाली बोलावलंत, मी दारातच म्हणाले की काकू मला अजून चालत नाही. बाकीच्या बायका गप्प झाल्या. तुम्ही उठलात, माझ्या दोन्ही हातात टाळ दिलात, माझी बोटं दोरीत अडकवलीत, आणि सोयराबाईचा अभंग सुरू केलात, "देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म." विटाळाशिवाय जन्माला आलेला एक तरी देह जगात दाखवा, असं विचारते ती त्यात. मला टाळ वाजवता येत नव्हता, पहिला ठोका भलतीकडेच पडला, मी रडत होते आणि वाजवत होते, आणि कुणीही मला थांबवलं नाही. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याच संध्याकाळी चहाच्या वेळी तुम्ही सोयराबाईची गोष्ट सांगितलीत. मंगळवेढ्याच्या चोखोबांची बायको, गावकुसाबाहेरचं घर, कितीतरी वर्षं मूल नाही, उतारवयात दिवस गेले आणि नेमके चोखोबा घरात नाहीत, बाळंतपणाला बाई नाही. तेव्हा विठ्ठल तिच्या नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्याने तिचं बाळंतपण केलं. ही कथा आहे हे मला कळतं काकू, पण बघा ना, ज्या बाईला देवळाच्या पायरीपाशी येऊ देत नव्हते तिच्या रक्तात देवाचे हात भरले असं लोकांनी शेकडो वर्षं एकमेकांना सांगितलं. त्या आठवड्यात मला कोणत्याही औषधापेक्षा ही गोष्ट जास्त लागू पडली.

आणि मग ती शेवटच्या ओळीची शिकवण. "अवघा रंग एक झाला" मी लहानपणापासून ऐकत आले, किशोरीताई आमोणकरांचं, बाबांच्या टेपवर, रविवारी सकाळी. पाठ होतं मला. तुम्ही विचारलंत हा कुणाचा, मी म्हणाले तुकारामांचा असेल. तुम्ही रागावला नाहीत, तुमची ती लाल कव्हरची वही काढलीत, ज्यात प्रत्येक अभंगाची शेवटची ओळ तुम्ही वेगळ्या शाईने लिहिलीये, आणि बोट ठेवलंत, "म्हणे चोखियाची महारी". म्हणालात, "नाव शेवटी असतंय. लोक तोवर थांबत नाहीत." जो शब्द जगाने तिला हिणवायला वापरला तोच तिने आपल्या सगळ्यात सुंदर अभंगाच्या शेवटी सही म्हणून ठेवलाय, आणि मी तीस वर्षं तो ऐकूनही ऐकला नव्हता.

तेव्हापासून मला सवयच लागली, कुठलाही अभंग लागला की आधी शेवट बघायचा. जनीचे सापडायला लागले. "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी", हे तेराव्या-चौदाव्या शतकात एक दासी म्हणते, नामदेवांच्या घरात दळणकांडण करणारी, आणि ती ते तोंडात पुटपुटत नाही, आता मला कोण अडवतंय असं विचारते. आपण पंढरपूरला गेलो होतो तेव्हा गोपाळपूरला तुम्ही मला जनाबाईचं म्हणून दाखवतात ते जातं दाखवलंत आणि त्याच्या खुंट्याला हात लावून डोळे मिटून उभ्या राहिलात, मागून गर्दी ढकलत होती तरी हलला नाहीत. मी तुमच्याकडेच बघत होते. तुमच्या लहानपणी गंगाखेडला तुमच्या आजी पहाटे जात्यावर बसून हेच म्हणायच्या, तुम्ही त्यांच्या मांडीला डोकं लावून पीठ अंगावर घेत झोपायचात, हे तुम्ही मला तिथेच, बाहेर उसाचा रस पिताना सांगितलंत.

पण सगळ्यात जास्त मी ज्यासाठी ऋणी आहे ती बहिणाबाई. शिऊरची, खानदेशातली 'अरे संसार संसार'वाली नाही, ती खूप नंतरची. ही 1628 ची, वेरूळजवळच्या देवगावची, अगदी लहानपणी तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न लावून दिलेली. कोल्हापूरला असताना त्यांच्याकडे एक कपिला गाय आणि वासरू होतं, ते वासरू हिच्या मागे मागे कीर्तनाला यायचं, आणि कीर्तनाला जाते म्हणून नवऱ्याने हिला मारलं, बांधून घातलं. पुढे ते वासरू गेलं. ही शुद्ध हरपून पडली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले आणि त्यांनी मंत्र दिला. ब्राह्मणाची बायको आणि गुरू कुणबी, तोवर प्रत्यक्ष न भेटलेला, स्वप्नात भेटलेला. तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांनी स्वप्नातच उपदेश केला होता, म्हणजे या वाटेवर दारातून आत येऊ देत नसतील तर झोपेतून वाट निघते. आणि हे सगळं तिने स्वतः लिहून ठेवलंय, मार सुद्धा, आपल्या आयुष्याबद्दल एवढं सलग लिहिणारी मराठीतली ती पहिली बाई. शेवटी मुलाला बसवून आधीचे बारा जन्मही सांगितले.

मी तुमच्याशी भांडले होते आठवतंय? मला तिचे पतिव्रताधर्माचे अभंग वाचून राग आला होता, की एवढं सोसून परत नवऱ्याची सेवा हाच माझा धर्म असं का लिहिते. तुम्ही म्हणालात, "तिला त्याच घरात राहायचं होतं माय. तू बाहेरून बोलायलीस." मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटलेलं नाही आणि तुम्हाला ते चालतं, हे मला तुमचं फार आवडतं.

तिचाच तो अभंग, "ज्ञानदेवे रचिला पाया". अख्खा महाराष्ट्र म्हणतो. नामदेवांनी आवार वाढवलं, एकनाथांनी खांब दिला, "तुका झालासे कळस", आणि मी जिथे जिथे ऐकलं तिथे बहुतेक इथेच टाळी पडते. कळस झाला, देऊळ पूर्ण झालं. तुमच्या वहीत मात्र पुढची ओळ लाल शाईत आहे, "बहिणी म्हणे फडकती ध्वजा". वारकऱ्यांचं सगळं देऊळ जिने एका अभंगात उभं करून दाखवलं तिचं नाव कळसाच्याही वर आहे, आणि आपण कळसाला हात जोडून घरी जातो.

तुमच्यामुळे मी लायब्ररीत जायला लागले, हेही सांगते. तिथे महानुभाव पंथाबद्दल वाचलं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींना सतत प्रश्न विचारणारी महादाइसा, जिला मराठीतली पहिली कवयित्री मानतात, जिचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, रिद्धपूरला स्वामींचे गुरू गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात गायले गेले. विटाळाबद्दल स्वामींचं म्हणणं तेराव्या शतकात असं होतं की शरीरातून इतर मळ जातात तसाच हा एक, त्याने काही बाटत नाही. आणि पुढे पंथातले विद्वान संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी अडवलं की नको, त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवतील, वंचित राहतील. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांना संस्कृत येत नव्हतं त्यांच्यासाठी धर्माचं सगळ्यात गुह्य ज्ञान मराठीत राहिलं. ते पान मी वाचलं आणि मला तुम्ही दिसलात, चष्मा दोरीला बांधलेल्या. त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवला होता, तुम्ही अंगठा पाठवलात, तो मी जपून ठेवलाय.

आता तुम्ही परत गंगाखेडला गेलात, गुडघ्यांना इथली लिफ्ट बंद पडली की सोसवत नव्हतं, मला कळतं. भजन आमच्याकडे होतं आता, वरच्या मजल्यावर. मागच्या महिन्यात एक नवीन मुलगी दारात उभी राहून म्हणाली, ताई मला आज चालणार नाही, मी बाहेरूनच ऐकते. मी काही बोलले नाही, तुमचे टाळ तिच्या हातात दिले आणि बोटं दोरीत अडकवली. ती बसली.

येत्या एकादशीला 'ज्ञानदेवे रचिला पाया' मी घेणारे, ध्वजापर्यंत. फक्त तुमच्या टाळांची दोरी तुटलीये, मी दोनदा बांधली पण तुमच्यासारखी गाठ बसत नाही, सैल पडते आणि आवाज बद्द येतो. दिवाळीत गंगाखेडला येतेय, टाळ घेऊनच येते, तेवढी गाठ शिकवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची