ताई, तुमच्यामुळं मी येळवशीला घरी गेले

ताईंना सप्रेम नमस्कार,

समोर भेटले की तुम्ही आभार मानू देत नाही, लगेच विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. यंदाच्या नव्या बॅचमधल्या मुलींनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मी आले ती थेट लातूरच्या क्लासमधून. अकरावी-बारावी म्हणजे खोली, क्लास आणि टेस्ट. लग्नकार्य नाही, सणवार नाही. 'दोन वर्षं कळ काढ, मग मोकळी', असं घरचे, दारचे, सगळेच सांगायचे. त्याच जोरावर मी एमबीबीएसलाही भिडले. अपर लिंबची स्टेज, म्हणजे हाताच्या शरीररचनेची परीक्षा, तोंडावर आली होती, बोनसेट (अभ्यासाची हाडं) उशाला घेऊन झोपत होते, आणि ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, काही केल्या डोक्यात बसत नव्हता.

त्या रात्री तुम्ही, आमच्या सीनियर, आमच्या खोलीत आलात. पुस्तक मिटवलंत, खडू घेतलात आणि फरशीवरच काढायला बसलात: ५ रूट, ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड. पुसायचं, पुन्हा काढायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला ऑर्थोच्या वॉर्डात नेलंत. दंडाचं हाड मोडलेले एक आजोबा होते. तुम्ही त्यांना हात पुढं करायला लावलात. बोटं खाली लोंबत होती, मनगट काही वर उचलेना. "रेडियल नर्व्ह. हाडाला चिकटून जाती, म्हणून हाडासंगं तिलाही मार बसतो. आता विसरशील का?" नाही विसरले, ताई. रात्र-रात्र घोकून जे बसत नव्हतं, ते त्या एका हातानं बसलं. एवढं बोलून तुम्ही आजोबांची उशी नीट केलीत, जेवण झालं का विचारलंत. तेही मी पाहून ठेवलंय.

वॉर्डातून परत येताना तुम्ही विचारलंत, येळवस (आपल्याकडचा शेतातला सण, वेळ अमावस्या) कधी आहे? मी म्हणाले, स्टेज आहे, यंदा जाणार नाही. तुम्ही थांबलात. "लातूरची दोन वर्षं निभावली, कारण ती दोनच होती. इथं साडेचार वर्षं, एक इंटर्नशिप, वर पीजीची तीन. एवढी वर्षं घर बाजूला ठेवायचं म्हणलं तर परत जाशील तेव्हा घरात कोण असंल?" माझी आजी थकली होती, ते तुम्हाला ठाऊक होतं.

उरलेल्या दिवसांचं वेळापत्रक तुम्हीच मांडून दिलंत. पहाटे वाचन, दुपारी डिसेक्शन (शवविच्छेदनाचा तास) झालं की लगेच उजळणी, रात्री अकराला दिवा बंद. झोपेच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात, आणि ते बरोबरच होतं. जागून वाचलेलं सकाळी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आठवत नाही. येळवशीच्या आदल्या दिवशी तुम्हीच मला लातूरच्या एसटीत बसवलंत. मी रेणापूरला उतरले.

शेतात कडब्याची कोप (खोपी), आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव, माठात आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे. आजीनं मला शेजारी बसवून घेतलं. तिचे गुडघे कशानं दुखतात ते मी तिला सांगत होते आणि ती सगळ्या भावकीला ओरडून सांगत होती, "आमची पोरगी डागदर झाली!" पुढच्या येळवशीला आजी नव्हती. तिच्यासोबतची ती शेवटची येळवस मला मिळाली, ती तुमच्यामुळं. हे उपकार मी कसे फेडू, ताई?

स्टेज चांगली गेली. पण ती गेली नसती तरी मी हे पत्र लिहिलंच असतं.

आता माझ्या खोलीत ज्युनिअर मुली येतात. खडू मीही ठेवलाय. रविवारी संध्याकाळी आधी घरी फोन करायला लावते, मग पुस्तक उघडू देते.

तुमची रेसिडेन्सी आहे, ड्युटी सुटत नाही, हे मला कळतं. तरी यंदा येळवशीला एक दिवस काढून आमच्या शेतात या. आई वाट बघतेय. डब्यावर भागणार नाही, पंगतीलाच बसायचं आहे.

तुमची,
रेणापूरची धाकटी