आण्णा, आमची नायट्रो इंजिनं तुमच्यामुळं चालू आहेत

आदरणीय आण्णा,

साष्टांग नमस्कार वि. वि.

आपलं सगळं बोलणं आजवर लेथच्या आवाजात, मोठ्यानं ओरडूनच झालंय. त्यामुळं माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. पण तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार लोकांना कळावं आणि नायट्रोच्या गाड्या, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणाऱ्या छोट्या रिमोटच्या गाड्या, पळवणाऱ्या सगळ्या पोरांनी वाचावं, असं मनापासून वाटलं, म्हणून हे उघड पत्र लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

धाकट्या भावानं ती वापरलेली बग्गी (रिमोटची मातीत पळणारी गाडी) घेतली तेव्हा इंजिन गच्च बसलेलं होतं. 21 नंबरचं इंजिन, म्हणजे 0.21 घनइंच, साधारण साडेतीन सीसी. आधीच्या मालकानं शेवटचं कधी पळवलं कोण जाणे, पळवून तसंच माळ्यावर टाकलेलं. पुल स्टार्टरची दोरी हलत नव्हती. ज्यांना ज्यांना दाखवलं ते म्हणाले, नवीन इंजिन घ्या. तुम्ही मात्र ते तळहातावर घेतलंत, चष्मा वर सरकवलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "ह्यात तेल कुठलं घालत्यात?"

त्या प्रश्नातच निम्मं उत्तर होतं हे मला नंतर कळलं. या इंजिनाला वेगळं तेल नसतं, ते इंधनातच मिसळलेलं असतं. मुख्य भाग मिथेनॉलचा, त्यात गाडीप्रमाणं 10 ते 30 टक्के नायट्रोमिथेन आणि उरलेलं एरंडेल किंवा सिंथेटिक तेल, कधी दोन्ही. एरंडेल म्हटल्यावर तुम्ही लगेच मान हलवलीत. एरंडेल तापून जळलं की त्याचा चिकट थर बसतो आणि थंड झाला की तो लाखेसारखा धरून ठेवतो. म्हणून तुम्ही पक्कड लावली नाहीत, पान्यानं जोर केला नाहीत. हॉट एअर गन घेतलीत, हेड आणि सिलिंडर सगळीकडून सावकाश तापवलंत, ग्लो प्लगच्या (इंधन पेटवणाऱ्या तापत्या प्लगच्या) भोकातून तेल सोडलंत आणि फ्लायव्हीलला फडकं गुंडाळून थोडं पुढं, थोडं मागं करत राहिलात. बराच वेळ काहीच नाही. मग आतून बारीक 'चर्र' झालं आणि पिस्टन सुटला. भावाचा चेहरा तुम्ही पाहिला नसेल, तुमचं लक्ष इंजिनाकडं होतं.

पण खरं काम पुढंच होतं. मागचं झाकण काढल्यावर आत तांबूस डाग दिसले. तुम्ही क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची ॲल्युमिनियमची पेटी, भट्टीत तापवलीत आणि लाकडी ठोकळ्यावर हलकेच आपटलीत, तसं मागचं बेअरिंग आपोआप बाहेर पडलं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त पसरतं, मग हातोडी कशाला मारायची, असं म्हणालात. ते बेअरिंग घासलेटमध्ये धुतलंत, वाळवलंत, करंगळीच्या टोकावर बसवून कानाजवळ फिरवलंत आणि मग माझ्या करंगळीवर दिलंत. वाळूचा कण अडकल्यासारखी खरखर बोटाला जाणवत होती. भिंगातून गोळ्यांवरचे खड्डे दाखवलेत. त्या सगळ्यात बोटाला जाणवलेली ती खरखर मी विसरणार नाही. आजही प्रत्येक इंजिन हातात घेतल्यावर मी आधी ती शोधतो.

मग तुम्ही जे बोललात ते मी तुमच्याच शब्दांत लिहितो: "इंजान चालताना गंजत न्हाई रं. बसल्यावर गंजतंय. पळवताना समदी काळजी घेत्यात, बंद केल्यावर कोण बघतंय?"

कारण काय, तेही आपण दोघांनी मिळून शोधलं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, शिवाय ते जळताना पाणी तयार होतं. नायट्रोमिथेन जळताना नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, ते त्या पाण्यात मिसळले की आम्ल होतं. टू-स्ट्रोक असल्यामुळं इंधन क्रँककेसमधूनच वर जातं, म्हणजे हा सगळा ओला-आंबट माल बेअरिंगच्या, क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या अंगावर बसून राहतो. इंजिन गरम आहे तोवर काही कळत नाही. रात्री ते थंड झालं की काम सुरू होतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर काही सांगायलाच नको. जूनपासून इथं कपाटातले कपडे सर्द होतात, तिथं उघड्या पोलादी गोळ्यांचं काय होत असेल!

तुम्ही ठरवून दिलेली रीत आता आमच्या ग्राउंडवर सगळी पोरं पाळतात. गाडी पळवून झाली की इंजिन आयडलवर, म्हणजे जागेवर मंद चालू, ठेवायचं आणि इंधनाची नळी चिमटीत धरून बंद करायची, म्हणजे आतलं उरलंसुरलं जळून जातं. टाकी पूर्ण रिकामी करायची. मग पुन्हा एक-दोनदा सुरू करून बघायचं, फुर्र होऊन लगेच बंद पडलं की आत काही उरलं नाही असं समजायचं. इंजिन अजून कोमट असतानाच ग्लो प्लग काढायचा, वरून चार-पाच थेंब तेल, कार्ब्युरेटर उघडा ठेवून त्यातून चार-पाच थेंब, आणि प्लग बाहेर असतानाच दोरी ओढून ते तेल बेअरिंगपर्यंत पोचवायचं. दहा मिनिटांचं काम. पण ही दहा मिनिटं त्याच संध्याकाळी द्यायची. दुसऱ्या दिवशी दिली तर उपयोग निम्मा.

तेल कुठलं, यावर बाकीच्या पोरांचे वाद चालतात. कोणी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल वापरतं, कोणी शिलाई मशीनचं. तुम्ही फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासायला, हवेवर चालणारे ग्राइंडर असतात, त्यांच्या तेलाची बाटली काढून दिलीत. ते तेल पातळ असतं आणि हवेतून आलेलं पाणी बाजूला सारून धातूवर थर धरण्यासाठीच बनवलेलं असतं. परदेशात नायट्रोवाले खास बाटलीत मिळणाऱ्या तेलाऐवजी पुष्कळदा हेच वापरतात, हे मला नंतर वाचायला मिळालं. तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आयुष्य फाउंड्री आणि ऑइल इंजिनात गेलं, त्यातून आलेलं होतं. जुन्या काळचे नामवंत यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांच्या या गावात असं शहाणपण प्रत्येक शेडमध्ये सापडतं, आणि तरी आम्ही उत्तरं दुसरीकडं शोधत बसतो.

आणि तो स्लीव्हचा, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीचा, दिवस! या इंजिनात पिस्टनला रिंगच नाही हे कळल्यावर तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. पितळी स्लीव्ह, आतून क्रोम, वरच्या बाजूला अगदी किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन वर आला की तिथं आवळला जातो, इंजिन तापलं की पितळ पसरतं आणि फट बरोबर जमते. तुम्ही ती स्लीव्ह उजेडाकडं धरून कितीतरी वेळ बघत होतात. मग म्हणालात, ज्यानं हे टर्न केलंय त्याचा हात चांगला आहे. त्यानंतरच तुम्ही सांगितलंत की पिस्टन कधी वर ठेवून गाडी ठेवायची नाही. आम्ही आता सगळ्यांनी फ्लायव्हीलवर खूण केली आहे. तेल घालून झालं की पिस्टन खाली आणून ठेवतो. त्यामुळं पुढच्या वेळी दोरी तुटत नाही आणि कनेक्टिंग रॉडवर ताणही येत नाही.

एक गोष्ट इथं मुद्दाम लिहितो, कारण नवीन पोरं हमखास करतात: पेट्रोलनं धुणं. तुम्ही थांबवलं नसतं तर इंधनाच्या नळ्या फुगून वाया गेल्या असत्या. त्या सिलिकॉनच्या असतात, मिथेनॉलला टिकतात, पेट्रोलला टिकत नाहीत. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावूनच बसवायचा. आपल्याकडच्या लाल मातीत कोरड्या फिल्टरनं पळवलेलं इंजिन वाचवायला कुठलंच तेल पुरणार नाही.

मिथेनॉलबद्दलचा तुमचा कडकपणाही मला पटतो. ते विष आहे, कातडीतून अंगात जातं आणि उन्हात त्याची ज्योत दिसतही नाही. म्हणून डबा घट्ट बंद, सावलीत, पोरांच्या हाताला न लागेल असा. झाकण सैल राहिलं तर इंधन ओलावा धरतं, मग इंजिन नीट आयडल धरत नाही आणि आपण उगाच कार्ब्युरेटरच्या सुया फिरवत बसतो.

आण्णा, त्या दिवशी तुम्ही बेअरिंगचे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. "पोराचं खेळणं हाय" म्हणालात. पण तुम्ही त्याला खेळण्यासारखं कधीच वागवलं नाहीत. पंपसेटच्या इंजिनाला जी शिस्त लावता तीच या मुठीएवढ्या इंजिनाला लावलीत. भाऊ आता डिप्लोमाला मेकॅनिकलला आहे. कॉलेजातल्या प्रॅक्टिकलला बेअरिंग हातात आलं की तो आधी कानाला लावतो, असं त्याचे मित्र सांगतात. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही, म्हणून सरळ लिहितो: आण्णा, तुमचे फार उपकार आहेत.

मृग लागायच्या आधीच्या रविवारी ग्राउंडवरची सगळी पोरं आपापल्या गाड्या घेऊन तुमच्या शेडवर येणार आहेत. पावसाळाभर ठेवायच्या म्हणून प्रत्येक इंजिनात तेल जरा सढळ हातानं घालायचंय, आणि दसऱ्याला पुन्हा काढताना प्लग काढून ते जादा तेल आधी बाहेर टाकायचं, हेही नव्या पोरांना तुमच्याच तोंडून ऐकायचंय. ग्राइंडरच्या तेलाचा डबा या वेळी आम्ही आणतोय. तो तुम्ही ठेवून घ्यायचा आहे, आणि मजुरी नको म्हणायचं नाही.

काकूंना नमस्कार.

आपला,
21 नंबरच्या बग्गीवाल्याचा थोरला भाऊ
कोल्हापूर