माझ्या मुलाने नेमके काय खाल्ले?

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीजवळ राहणारी गृहिणी आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलाला सोयाबीनची ॲलर्जी आहे. गेल्या श्रावणात शेजारच्या वाढदिवसाला त्याने पाकिटातले फरसाण मूठभर खाल्ले आणि अर्ध्या तासात त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली. रात्री अकरा वाजता त्याला मांडीवर घेऊन रिक्षातून दवाखान्यात जाताना मी त्याचा एकेक श्वास मोजत होते. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले, काय खाल्ले? पाकिटावर ‘वनस्पतिजन्य प्रथिने’ आणि ‘खाद्यतेल’ एवढेच होते.

पुढे मी एका सरकारी कार्यालयाला लेखी विचारले की हे सोयाबीन कुठले, आणि साधे की जनुकीय बदल केलेले. काल, पाच महिन्यांनी, दोन ओळींचे उत्तर आले की हा विषय त्यांच्या कक्षेत येत नाही. मग तो कोणाच्या कक्षेत येतो, हे आपणच सांगावे, कारण अन्नसुरक्षेचा कायदा आपल्या खात्याचा आहे.

जनुकीय बदलामुळे माझा मुलगा आजारी पडला, असा माझा दावा नाही. साध्या सोयाबीननेही त्याला तेच झाले असते. पण उद्या एखाद्या मुलाला बदललेल्या अन्नाने खरोखर अपाय झाला, तरी तो कोणाला कळणार नाही, कारण पाकीट काही सांगतच नाही. अमेरिकेत एका कंपनीने सोयाबीनमध्ये ब्राझील नट या कवचफळाचे जनुक घातले होते. त्या फळाची ॲलर्जी असलेल्या माणसांच्या रक्ताशी ते सोयाबीन तपासले, तेव्हा जनुकाबरोबर ॲलर्जीही त्यात उतरल्याचे दिसले. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. तपासले म्हणून समजले. त्याच देशात 2000 मध्ये, फक्त पशुखाद्यासाठी मंजूर झालेला स्टारलिंक मका माणसांच्या खाण्यात सापडला, तोही नागरिक संघटनांनी स्वतः करवून घेतलेल्या तपासणीत.

आपल्याकडे 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातील कलम 22 नुसार नियमांत तरतूद असल्याशिवाय जनुकीय बदल केलेले अन्न विकता येत नाही की आयात करता येत नाही, आणि त्या नियमांचा मसुदा यायला 2021 उजाडले. दरम्यान अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, जिथे जवळजवळ सगळे सोयाबीन बदललेलेच असते, तेलाची जहाजे येत राहिली आणि 2002 पासूनच्या बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसाची सरकी पेंड होऊन आमच्याकडच्या म्हशींच्या गव्हाणीत पोहोचली. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, हे डॉक्टरांनी मला समजावले आहे आणि मी ते मानते. पण सगळेच अन्न तेल नसते. 2018 मध्ये दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या संस्थेने 65 नमुने तपासले, तेव्हा 21 नमुन्यांत बदललेली जनुके सापडली, त्यांत तान्ह्या बाळांचे अन्नही होते. हे काम आपल्या यंत्रणेने का केले नाही?

मंजुरीसाठी, जो विकणार, त्यानेच चाचणीची माहिती द्यायची. उंदरांना 90 दिवस खाऊ घालायचे आणि माणसांनी जन्मभर खायचे. 2010 मध्ये बीटी वांगे थांबवताना तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्वतंत्र चाचण्यांच्या अभावावर बोट ठेवले होते. त्यानंतर मंत्री बदलले, पद्धत तीच राहिली. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनुकीय पिकांचे राष्ट्रीय धोरण शक्यतो चार महिन्यांत करण्यास सांगितले आणि आयात तेलाच्या वेष्टनावरील माहितीबाबत कायदा पाळण्याचा आदेश दिला. ते चार महिने केव्हाच उलटले. आजही दुकानात तेलाची पिशवी हातात घेतली की मला त्यातले काही कळत नाही.

मी रोज मुलाच्या डब्याबरोबर बाईंना चिठ्ठी देते की याला बाहेरचे काही देऊ नये. चाचण्यांचे निकाल जनतेसमोर ठेवावेत आणि पाकिटावर जनुकीय बदलाची नोंद ठळक अक्षरांत सक्तीची करावी, एवढी माझी मागणी आहे. ती कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत येते, ते या वेळी आपल्याच सहीने कळवावे.

आपली,
एक आई, कोल्हापूर