पाचवं भोक

प्रिय सदा,

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तर दिलं नाही, चूक माझीच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

पण तू पाठवलेलं टार्गेट मनातून जात नाही. चार भोकं एकमेकांना चिकटलेली, त्यांना तू लाल गोल केलास. पाचवं वर डावीकडे, आणि शेजारी लिहिलंस, "हात हलला." सदा, ती गोळी कितवी होती? मला वाटतं, पहिली.

साफ करून तेलाचा हात दिलेल्या थंड नळीतून गेलेली पहिली शिशाची गोळी बाकीच्यांबरोबर जाईलच असं नाही. आत गोळीवरच्या वंगणाचा थर बसायला काही गोळ्या लागतात, मगच ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, आवळतो. नेमबाजाला ते चालतं, तो आधी चार उडवून घेतो. शिकारीच्या रायफलला संधी मिळते ती एकाच गोळीची. म्हणजे तू गोलाबाहेर टाकलेलं भोकच तुझ्या कामाचं.

दिवसाला एकच गोळी मार. 50 मीटर, नळी थंड, टेकूची पुढची पिशवी रायफलच्या लाकडाखाली, नळीखाली नको. कागद काढून ठेव, दुसऱ्या दिवशी तोच लाव. असे दहा दिवस, मधे नळी साफ करायची नाही. मग कोरडी चिंधी फिरवून पुन्हा दहा. दोन्ही कागदांचा मध्य आणि पसारा ताडून बघ. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नकोस, तो बहुतेकदा खऱ्यापेक्षा लहानच दिसतो.

आता आपलं जुनं भांडण. नळीत शिसं चिकटतं म्हणून गोळ्या ओतायचं शिसं अजून कडक करतो म्हणतोस, अण्णाही तुझ्याच बाजूने. मी अजूनही म्हणतो, आधी नळीचं माप! रायफल रिकामी आहे हे दोनदा बघ, बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढ, नळीला तेलाचा हात दे आणि मऊ शुद्ध शिशाचा गोळा तोंडाकडून दांड्याने हळूहळू ठोकत पार कर. तो मायक्रोमीटरने मोज, व्हर्नियर इतकं बारीक सांगत नाही. नळीच्या आतल्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या, खाचा विषम संख्येने असतील तर साधा मायक्रोमीटरही फसवतो. खाचांचा व्यास 0.308 इंच आला तर गोळी 0.309 किंवा 0.310 हवी. बारीक गोळीच्या कडेने गॅस निसटतो, शिसं कापत जातो आणि ते चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे चिकटतं. कडक गोळी तर फुगून ती फटही भरत नाही. शिसं तोंडाकडे साचत असेल तर वंगण वाटेत संपलं. चिकटलंय कुठे, ते मला कळव. आधी तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या वापरल्या असशील तर ते तांबं पुरतं काढल्याशिवाय काही ठरवू नकोस.

गोळ्यांचे बूड बघ. नळीतून शेवटी बाहेर पडतं ते बूड. त्याची कड एका बाजूला गोल झाली की गॅस तिकडून आधी सुटतो आणि गोळी ढकलली जाते. वजनाला हलकी भरली ती आतून पोकळ, परत वितळव. आजच्या ओतलेल्या गोळीचा कडकपणा महिन्यापूर्वीच्या गोळीशी ताडू नकोस. अँटिमनी (शिसं कडक करायला मिसळतात तो पदार्थ) असलेलं शिसं ओतल्यावर काही आठवडे कडक होत राहतं.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं, वाचून हायसं वाटलं. धाकटीचं अभिनंदन. ओतताना दारं-खिडक्या उघड्या ठेव, नातवाला जवळ येऊ देऊ नकोस, पाण्याचा थेंबही वितळलेल्या शिशाच्या भांड्यात पडू देऊ नकोस आणि हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नकोस.

कागदावर प्रत्येक भोकाशेजारी तारीख लिही आणि तो तसाच पाठव, गोल न करता.

तुझा,
वसंता